पॅराव्ह्यूमध्ये मोठा डेटा अडखळतोय? सेटिंग्जला हात लावण्याआधी हे क्रमाने करा

दर सेमिस्टरला कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतंच, म्हणतं नवीन ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबीचं आहे, तरी पॅराव्ह्यूमध्ये (मोठ्या वैज्ञानिक डेटाची त्रिमितीय चित्रं काढणारा प्रोग्राम) स्कॅन फिरवला की चित्र अडखळत अडखळत सरकतं. मग बघितलं की कार्ड निवांत बसलेलं असतं आणि प्रोसेसर बिचारा घामाघूम. आणि तोवर त्या माणसाने सेटिंग्जमधली वीसेक बटणं फिरवून ठेवलेली असतात, त्यामुळे आधी ती सगळी मूळ जागी आणण्यात अर्धा तास जातो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं त्यातूनच येतं. पॅराव्ह्यूमध्ये फाइल वाचणं आणि जवळजवळ सगळे फिल्टर (डेटा कापणं, गाळणं, त्यातून नवं काढणं अशा क्रिया) चालवणं हे काम प्रोसेसर करतो. कार्ड करतं ते फक्त शेवटचं, म्हणजे तयार झालेलं पडद्यावर काढणं. त्यामुळे "हळू चालतंय" म्हणजे नक्की काय हळू चालतंय हे आधी वेगळं काढावं लागतं. अप्लाय दाबल्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी रेंगाळते ती कार्डाची चूक नाही. माउसने फिरवताना अडखळतं तेव्हा कार्डाकडे बघायचं.

उदाहरण म्हणून मी एक सीटी स्कॅन धरतोय, ५१२ × ५१२ चे ४०० काप, प्रत्येक बिंदूला १६ बिट. तुमचा डेटा दगडाच्या नमुन्याचा असो, वाऱ्याच्या मॉडेलचा असो, क्रम हाच.

१. तयारी: आधी कागदावर गुणाकार

हे कुणी करत नाही आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ५१२ × ५१२ × ४०० म्हणजे १०,४८,५७,६०० बिंदू. प्रत्येकी २ बाइट म्हणजे २०,९७,१५,२०० बाइट, साधारण २०० एमबी. हाच डेटा कुणी डबलमध्ये (प्रत्येक आकड्याला ८ बाइट) सेव्ह करून दिला असेल तर ८०० एमबी. माहिती तीच, एक कणही जास्त नाही, फक्त चौपट जागा. मोजमापच १६ बिटांचं असेल तर त्याला डबलमध्ये ठेवून काय मिळतं मला आजवर कळलेलं नाही, पण पायथनमधून आलेल्या दहातल्या सात फाइली अशाच असतात.

आता लक्षात घ्या की हा डेटा आधी मुख्य मेमरीत येतो आणि चित्र काढताना त्याची प्रत कार्डाच्या मेमरीत जाते. कार्ड ४ जीबीचं असेल तर त्यातला काही भाग डेस्कटॉप, ब्राउझर वगैरेंनी आधीच खाल्लेला असतो, पूर्ण ४ जीबी तुमच्या वाट्याला येतच नाही. १०२४ च्या घनाला फ्लोटमध्ये (प्रत्येक आकड्याला ४ बाइट) एकट्यालाच ४ जीबी लागतात, तेव्हा असा डेटा त्या कार्डावर टाकायचा विचारच सोडा, आधी छोटा करा.

तपासा: बिंदूंची संख्या गुणिले बाइट हा आकडा आणि डिस्कवरचा फाइलचा आकार जुळतो का? कच्च्या बायनरी फाइलचा आकार थोडा जास्त निघाला तर सुरुवातीला हेडर (डेटाआधीची फाइलबद्दलची माहिती) आहे, तो किती बाइटचा ते लिहून ठेवा, पुढे लागेल.

२. पॅराव्ह्यू नक्की कोणत्या कार्डावर चालतंय

हेल्प मेनूत अबाउट उघडा. तिथे ओपनजीएल व्हेंडर, व्हर्जन आणि रेंडरर अशा ओळी दिसतात. रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतंय ती, ओळ वाचा. तीनपैकी एक काहीतरी दिसेल.

तुमच्या कार्डाचं नाव दिसलं तर छान, पुढच्या टप्प्यावर जा.

इंटेल किंवा प्रोसेसरमध्येच असलेल्या छोट्या ग्राफिक्सचं नाव दिसलं तर लॅपटॉपने वीज वाचवायला पॅराव्ह्यूला धाकट्या चिपवर टाकलंय. विंडोजमध्ये सेटिंग्ज → सिस्टिम → डिस्प्ले → ग्राफिक्स इथे जाऊन पॅराव्ह्यूची एक्झी फाइल यादीत घाला आणि हाय परफॉर्मन्स निवडा. लिनक्सवर एनव्हिडिया असेल तर प्राइम रेंडर ऑफलोडचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून पॅराव्ह्यू सुरू करावं लागतं, बऱ्याच डेस्कटॉपवर आयकॉनवर राइट क्लिक करून स्वतंत्र कार्डावर चालवा असा पर्यायही येतो. दोन्हीकडे पॅराव्ह्यू पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं, नुसती विंडो मिनिमाइज करून बदल होत नाही (हे लिहावं लागतंय म्हणजे बघा).

डेस्कटॉप वापरत असाल तर आधी मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये आहे की कार्डाच्या. हसू नका. मी स्वतः एकदा दोन दिवस ड्रायव्हर काढत-टाकत बसलो होतो आणि केबल चुकीच्या भोकात होती.

तिसरी शक्यता, रेंडररमध्ये एलएलव्हीएमपाइप असा शब्द. याचा अर्थ कार्ड वापरातच नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. ड्रायव्हर नीट बसलेला नाही, किंवा तुम्ही दूरच्या मशीनवरची खिडकी एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) इकडे ओढून आणली आहे, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात. ड्रायव्हरचा प्रश्न असेल तर ड्रायव्हर बसवा. दूरचं मशीन असेल तर ती खिडकी ओढायची पद्धतच सोडा, आठवा टप्पा त्यासाठीच आहे.

तपासा: शेजारी टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (एनव्हिडियाच्या कार्डावर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) चालवा. यादीत पॅराव्ह्यूचं नाव यायला हवं. विंडोजवर टास्क मॅनेजरमधला जीपीयूचा आलेख बघितला तरी चालतो.

३. स्वतःचा डेटा नंतर, आधी वेव्हलेट

हा टप्पा लोक गाळतात कारण त्यांना वाटतं खेळणं आहे. पण डेटा आणि मशीन यातला दोषी कोण हे इथे पाच मिनिटांत कळतं.

सोर्सेस मेनूतून वेव्हलेट घ्या, हा पॅराव्ह्यू स्वतःच तयार करतं तो नमुना डेटा. होल एक्स्टेंटमध्ये तिन्ही अक्षांना −१० ते १० असतं, ते −१२७ ते १२८ करा. म्हणजे २५६ चा घन, १,६७,७७,२१६ बिंदू, फ्लोटमध्ये ६४ एमबी. अप्लाय. मग रिप्रेझेंटेशनच्या यादीतून आउटलाइन काढून व्हॉल्यूम निवडा आणि माउसने गरगर फिरवा.

एडिट → सेटिंग्ज → रेंडर व्ह्यूमध्ये शो अॅनोटेशन चालू केलं तर कोपऱ्यात फ्रेमचे आकडे दिसतात, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. हे शोधताना सापडत नसेल तर सेटिंग्जच्या खिडकीतलं छोटं गिअरचं चिन्ह दाबा, पुढचे पर्याय त्याशिवाय लपलेले असतात.

इथे गुळगुळीत फिरलं आणि तुमच्या डेटावर अडखळलं तर दोष डेटात किंवा तुम्ही लावलेल्या फिल्टरमध्ये. इथेच अडखळलं तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा, पुढे वाचून उपयोग नाही. जमलं तर −२५५ ते २५६ करून बघा, तो ५१२ चा घन होतो, ५१२ एमबी. हा बनायलाच थोडा वेळ लागेल आणि तो वेळ प्रोसेसरचा आहे, घाबरू नका, बनल्यावर फिरवताना काय होतं ते बघायचं.

४. डेटा आत आणणं

कच्ची बायनरी फाइल उघडली की पॅराव्ह्यू तुम्हालाच विचारतं की यात काय आहे, कारण फाइलला स्वतःला काहीच माहीत नसतं. प्रॉपर्टीज पॅनलमध्ये या क्रमाने भरा:

१. डेटा स्केलर टाइप: आपल्या स्कॅनला शॉर्ट. अनसाइन्ड शॉर्ट नाही, सीटीमध्ये उणे आकडे असतात.
२. बाइट ऑर्डर: आजकालच्या साध्या पीसीवर बनलेली फाइल असेल तर बहुतेक वेळा लिटल एंडियन (आकड्याचा धाकटा बाइट आधी).
३. फाइल डायमेन्शनॅलिटी: ३. इथे २ राहिलं तर एकच काप दिसतो आणि लोक फाइल खराब आहे म्हणून पुन्हा डाउनलोड करत बसतात.
४. डेटा एक्स्टेंट: ० ते ५११, ० ते ५११, ० ते ३९९. ५१२ आणि ४०० नाही. मोजणी शून्यापासून. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.
५. डेटा स्पेसिंग: बिंदूंमधलं खरं अंतर. काप १.२५ मिमीवर आणि कापातले बिंदू ०.७ मिमीवर असतील तर तसंच लिहा, १, १, १ ठेवलं तर माणूस चेपलेला दिसतो.

मग अप्लाय. हो, अप्लाय. दाबल्याशिवाय काहीच होत नाही, आणि बटण रंगीत होऊन बोलावत असतं तरी लोक चित्र येत नाही म्हणून वाट बघतात.

तपासा: इन्फर्मेशन पॅनलमध्ये डेटाची रेंज वाचा. सीटीत हवा साधारण −१०००, पाणी ०, हाड काही शेकड्यांपासून वर. रेंज −३२७६८ ते ३२७६७ अशी पूर्ण ताणलेली दिसली आणि चित्रात नुसती सांडलेली रांगोळी असेल तर बाइट ऑर्डर उलटी आहे. रेंज बरोबर पण चित्र तिरपं तिरपं वाहत गेलेलं असेल तर एक्स्टेंट चुकला. चित्र ठीक आहे पण थोडं एका बाजूला सरकून कडेने पुन्हा सुरू होतंय तर पहिल्या टप्प्यातला तो हेडर आठवा.

एकदा बरोबर आलं की फाइल → सेव्ह डेटा करून व्हीटीआयमध्ये (हे आकडे सोबत ठेवणारा फाइलचा प्रकार) ठेवून द्या. पुढच्या वेळी हे पाच आकडे भरायचे नाहीत आणि ज्या मित्राला फाइल द्याल त्याचेही शिव्याशाप वाचतील. स्कॅन खऱ्या माणसाचा असेल आणि डायकॉममधून (दवाखान्यातल्या स्कॅनच्या फाइलींचा प्रकार) आला असेल तर त्यात नाव-वय सगळं असतं, कुणाला द्यायच्या आधी ते काढा.

सीएसव्हीवाल्यांसाठी: कोटीभर ओळींची सीएसव्ही दर वेळी वाचणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे, मजकुरातून आकडे काढायला प्रोसेसर खपतो आणि कार्ड बघत बसतं. एकदाच वाचा, टेबल टू पॉइंट्स लावा, एक्स, वाय, झेडचे कॉलम स्वतः निवडा, बरोबर आले असतील असं धरू नका, आणि सेव्ह करा. बिंदू नियमित जाळीवर असतील तर टेबल टू स्ट्रक्चर्ड ग्रिड.

हवामानवाल्यांसाठी: पुण्याच्या हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा बरेच जण वापरतात, ०.२५ अंशाची जाळी, १३५ × १२९ बिंदू. एका वर्षाचे ३६५ दिवस धरले तरी फ्लोटमध्ये २५ एमबीच होतात, म्हणजे हा डेटा अडखळत असेल तर कार्डाचा काही संबंधच नाही. यात दोन घोळ होतात. नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचा फाइल प्रकार) रीडरमध्ये स्फेरिकल कोऑर्डिनेट्सची खूण असेल तर भारत गोलाच्या तुकड्यासारखा वाकून येतो, सपाट नकाशा हवा तर ती खूण काढा. आणि जिथे डेटा नाही तिथे −९९९ भरलेलं असतं, ते आकडा म्हणून आत आलं तर रंगांची पट्टी तिथवर ताणली जाते आणि सगळा पाऊस एकाच रंगात दिसतो. रेंज हाताने ० पासून द्या.

५. आधी काप, मग व्हॉल्यूम

थेट व्हॉल्यूमवर उडी मारू नका. आउटलाइनमध्ये डबा दिसतोय का, मग स्लाइसमध्ये काप ओळखू येतोय का, आणि मगच व्हॉल्यूम.

व्हॉल्यूम केल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा करडा ठोकळा दिसतो. ते बिघडलेलं नाही, हवा सुद्धा रंगवली जातेय म्हणून तसं दिसतं. कलर मॅप एडिटर उघडा, अपारदर्शकतेच्या रेषेचं डावं टोक पूर्ण खाली, आणि हवेची रेंज संपेपर्यंत ती शून्यावरच ठेवा. मग मऊ भागाला अगदी थोडी उंची, हाडाला जास्त. एकेक बिंदू हलवत, घाई न करता. इथे जितका वेळ घालवाल तितकं चित्र चांगलं, खरं तर सगळ्या प्रक्रियेत माणसाचं डोकं लागतं ते इथेच. शेड चालू केलं तर उठाव येतो पण कार्डावर भार वाढतो, म्हणून रेषा बसल्यावर शेवटी चालू करा.

व्हॉल्यूम रेंडरिंग मोड स्मार्टवर ठेवा. आकारात कुठलीही एक बाजू २०४८ पेक्षा मोठी असेल तर बरीच साधी कार्डं ती एका टेक्श्चरमध्ये घेऊ शकत नाहीत, तिथे एक्स्ट्रॅक्ट सबसेट लावून सॅम्पल रेट २ करा. तिन्ही दिशांना २ म्हणजे डेटा आठवा हिस्सा.

अनस्ट्रक्चर्ड, म्हणजे अनियमित ठोकळ्यांची जाळी असेल, फाइनाइट एलिमेंट किंवा प्रवाहाच्या सॉल्व्हरमधून आलेली, तर थेट व्हॉल्यूम फार हळू असतं. आधी रिसॅम्पल टू इमेज लावा. बाजूला १०० बिंदू असतात, ते वाढवत न्या, पण एकदम १००० करू नका कारण तो गुणाकार घनाचा आहे.

कणांचा डेटा असेल तर ग्लिफने (प्रत्येक बिंदूवर एक आकार बसवणारा फिल्टर) गोळे लावण्याचा मोह टाळा. नेहमीच्या गोळ्याला ९६ त्रिकोण, १० लाख कण म्हणजे ९ कोटी ६० लाख त्रिकोण. त्याऐवजी रिप्रेझेंटेशनमध्ये पॉइंट गॉसियन निवडा, गोळ्याचा आभास कार्डच तयार करतं आणि त्रिकोण बनवायची गरजच राहत नाही. आणि हो, ग्लिफ सुरुवातीला सगळे बिंदू दाखवतच नाही, ५००० च्या आसपास निवडून दाखवतो, कुणाचे कण हरवलेले नसतात.

६. फिल्टर: मेमरी इथे जाते

प्रत्येक फिल्टर नवीन प्रत बनवतो असं धरून चाला. आपल्या २०० एमबीच्या स्कॅनवर कॅल्क्युलेटर लावला की उत्तर डबलमध्ये येतं, ८०० एमबी. दोन लावले की दीड जीबी गेले. रिझल्ट अॅरे टाइपमध्ये फ्लोट निवडा, निम्मं वाचतं.

सावधान: नियमित जाळीवर क्लिप आणि थ्रेशोल्ड लावताना दोनदा विचार करा. हे दोन्ही नीटनेटक्या डब्याचं अनस्ट्रक्चर्ड जाळीत रूपांतर करतात. आधी जाळी नियमित असल्यामुळे कुठला बिंदू कुठे आहे ते लिहून ठेवायची गरज नव्हती, आता प्रत्येक ठोकळ्याचे आठ कोपरे लिहावे लागतात, ६४-बिट क्रमांक धरले तर एका ठोकळ्याला ६४ बाइट फक्त कोपऱ्यांसाठी. आपल्या स्कॅनमधले अर्धे म्हणजे ५ कोटी ठोकळे उरले तरी ३.२ जीबी. मूळ डेटा २०० एमबी! "थ्रेशोल्ड लावला आणि मशीन मेलं" हे जे रडगाणं आहे त्याचं कारण हे. वर त्यावर व्हॉल्यूम लावलं की तो हळू मार्ग सुरू होतो, ती वेगळीच बोंब.

मग करायचं काय? चौकोनी तुकडा हवा तर एक्स्ट्रॅक्ट सबसेट. ठराविक घनतेचा भागच बघायचा तर अपारदर्शकतेची रेषा, फिल्टरच नको. पृष्ठभाग हवा तर काँटूर. काँटूरला बिंदूंवरचा डेटा लागतो, यादीत तुमच्या डेटाचं नाव दिसत नसेल तर डेटा सेलवर, म्हणजे बिंदूंऐवजी ठोकळ्यांवर आहे, आधी सेल डेटा टू पॉइंट डेटा लावा.

डोळ्याचं चिन्ह बंद केलं म्हणजे मेमरी सुटत नाही, फक्त दिसायचं थांबतं. नको असलेला फिल्टर डिलीट करा. व्ह्यू मेनूतला मेमरी इन्स्पेक्टर उघडा ठेवला की हे समोर दिसत राहतं.

७. आता सेटिंग्ज

इथवर आल्यावरच. फिरवताना मॉडेल ठोकळ्यांचं दिसतं आणि सोडल्यावर नीट होतं, तर पॅराव्ह्यू मुद्दाम कमी तपशील दाखवतंय. रेंडर व्ह्यूमध्ये एलओडी (तपशिलाची पातळी) थ्रेशोल्ड आहे, त्यापेक्षा मोठा पृष्ठभाग असला की हे सुरू होतं. कार्ड चांगलं असेल तर तो आकडा वाढवा, काही शेकडा एमबीपर्यंत. कार्ड साधं असेल तर राहू द्या, ती सोय आहे, बिघाड नाही.

८. डेटा दूरच्या मशीनवर असेल तर

शंभर जीबी घरी ओढू नका. त्या मशीनवर पीव्हीसर्व्हर (पॅराव्ह्यूचाच सर्व्हरवर चालणारा भाग) चालवा, लॅपटॉपवर नेहमीचं पॅराव्ह्यू उघडून फाइल → कनेक्ट करा. पोर्ट न सांगितल्यास तो १११११ असतो, ११११११ नव्हे, पाच एक, मोजून टाइप करा. मध्ये फायरवॉल असेल तर एसएसएचचा टनेल.

दोन्हीकडची व्हर्जन एकच हवी. ५.११ ला ५.१२ जोडलं जात नाही, भांडतं आणि तुटतं. सर्व्हरला मॉनिटर नसेल तर जुन्या व्हर्जनमध्ये ईजीएलवालं (मॉनिटरशिवाय कार्डावर चित्र काढणारं) वेगळं डाउनलोड घ्यावं लागतं, ओएसमेसावालं घेतलंत तर ते प्रोसेसरवर चित्र काढतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या रडगाण्यावर. क्लस्टरवर लॉगिन नोडवर हे चालवू नका, जॉब टाकून जीपीयूचा नोड घ्या, नाहीतर अॅडमिनचा मेल येतो, मला आलाय.

जोडल्यावर रिमोट रेंडर थ्रेशोल्ड ० करा, म्हणजे चित्र तिकडेच बनतं आणि इकडे फक्त फोटो येतो. हे राहिलं तर छोटा डेटा नेटवर्कवरून इकडे येऊन लॅपटॉपवर रंगतो, आणि तुम्ही सर्व्हरच्या कार्डाचं कौतुक करत बसता.

तपासा: हेल्प → अबाउटमध्ये कनेक्शनची माहिती देणारा दुसरा टॅब आहे, सर्व्हर कोणत्या रेंडररवर आहे ते तिथे वाचा. पहिला टॅब तुमच्या लॅपटॉपचा.

९. सेव्ह करताना

फाइल → सेव्ह स्टेट. यात डेटा जात नाही, फक्त फाइलींचे पत्ते, फिल्टर आणि रंगांच्या रेषा जातात. स्टेट फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गाइडसमोर उघडली आणि डेटा घरीच राहिला, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि उघडताना पॅराव्ह्यू फाइली कुठे शोधू म्हणून विचारतं तिथे नवीन फोल्डर दाखवा.